वाघ ‘येतो’ म्हणाला

नाशिक

मी भीतीच्या गोष्टी लिहितो. हा धंदा मी निवडला नाही. लहानपणापासून मला मांजर, विहीर, गणिताचे मास्तर आणि दारामागे टांगलेला रेनकोट यांची भीती वाटायची, आणि एवढा कच्चा माल घरात पडून असताना दुसरं काही लिहिणं उधळपट्टी ठरली असती. पुण्याच्या एका दिवाळी अंकात दरवर्षी माझी गोष्ट यायची. लोक म्हणायचे, वाचून रात्री पाणी प्यायला उठवत नाही. मलाही उठवत नसे.

मग आम्ही गंगापूर रोडला नव्या सोसायटीत राहायला गेलो. तिथे लिफ्टला इन्व्हर्टर आहे, जिन्यात कॅमेरे आहेत आणि फाटकावरचा वॉचमन मलाच रोज ‘कोणाकडे जायचंय?’ म्हणून अडवतो. अशा ठिकाणी भूत आलंच तर त्याची आधी रजिस्टरमध्ये सही होईल. माझी भीती हळूहळू गेली. ती गेली हे मला कळलं नाही, संपादकबाईंना कळलं.

“गोष्ट वाचली,” त्या फोनवर म्हणाल्या. “छान झोप लागली.”

“म्हणजे?”

“म्हणजे यंदा घेत नाही. पुढच्या अंकासाठी एक पाठवा. पण खरी घाबरवणारी. नाहीतर ती पानं मी दुसऱ्या कोणाला देते.”

यानंतर मी भीती शोधायला लागलो. देवळाली कॅम्पला जाऊन तोफांच्या सरावाचा आवाज ऐकला. पहिल्या धडाक्याला हातातला चहा शर्टावर सांडला, पण ते दचकणं झालं. भीती वेगळी. शेजारच्या बाकावर एक बाई मटार सोलत होत्या. त्यांचा एकही दाणा खाली पडला नाही. त्यांनी मला रुमाल दिला. पुढे सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत एक बंद कारखाना आहे, तिथे रात्री यंत्रं आपोआप चालतात असं ऐकून गेलो. तिथल्या राखणदाराने सांगितलं की यंत्रं चालत असती तर कारखाना बंद कशाला पडला असता. मी शेवटची एसटी पकडून घरी आलो.

अशात दिवाळी आली, माझ्याशिवाय अंक आला, आणि आता फराळाला येणारा प्रत्येकजण चकली मोडत विचारणार होता, “यंदा तुमची गोष्ट दिसली नाही?” मी बायकोला, म्हणजे सुलभाला, म्हटलं, आपण कुठेतरी जाऊ. सुलभा शाळेत शिक्षिका होती. तिच्या शाळेत काशिनाथ गावित नावाचा शिपाई होता. नोकरी सोडून तो गावी सुरगाण्याकडे गेला, जीप घेतली, आणि दरवर्षी न चुकता ‘बाई, वाघबारशीला या’ असा फोन करतो.

“वाघबारस म्हणजे काय असतं?” मी विचारलं.

“वाघाची पूजा. तुमच्या उपयोगाची आहे,” ती म्हणाली. “भीती वाटली तर वाटली. नाहीतर नागलीची भाकरी मिळेल.”

सुरगाण्याकडे

वणीमार्गे एसटीने बोरगाव, तिथून काशिनाथची जीप. मला मान म्हणून पुढे बसवलं. मान म्हणजे गिअरची दांडी दोन्ही गुडघ्यांच्या मधे. घाट सुरू झाल्यावर काशिनाथ प्रत्येक वळणाला “सर, पाय” म्हणायचा, मी पाय उचलायचो, आणि मग जीप दुसऱ्या गिअरमध्ये जायची. असा निम्मा घाट मीच उतरवला म्हणायला हरकत नाही.

घाटाची भीती वाटेल अशी मला आशा होती. एका बाजूला दरी होती, कठडा असावा अशा ठिकाणी तो नव्हता, आणि मागच्या टपावर माणसं बसली होती. त्यातला एकजण वरून वाकून काचेतून मला नमस्कारही करून गेला. पण दरीत भात पिवळा पडत आला होता, उन्हात खुरासणीची, म्हणजे कारळ्याची, पिवळी फुलं डोंगरभर पसरली होती, आणि मला डुलकी लागली.

“घाबरलात का?” उतरल्यावर सुलभाने विचारलं.

“झोप लागली.”

“मग गोष्टीत आणि तुमच्यात फरक नाही.”

काशिनाथचा पाडा डोंगराच्या कुशीत आहे. कुडाच्या भिंती शेणाने सारवलेल्या, अंगणात भाताचे भारे, शेजारी गुरांचा गोठा. काशिनाथची बायको सोनीबाई दारातच उभी होती. तिने सुलभाला मिठी मारली, मला पाणी दिलं आणि लगेच गोठ्यात नेऊन वासरू दाखवलं. कपाळावर पांढरा टिळा असलेली, नुकती उड्या मारायला शिकलेली कालवड. ते घरातलं मुख्य माणूस असावं अशा थाटात ओळख करून देण्यात आली.

“हीच आमची यंदाची दिवाळी,” सोनीबाई म्हणाली. “मागची वाघानं नेली.”

“वाघ? इथे?”

“बिबट्या, सर,” काशिनाथ म्हणाला. “आमी वाघच म्हणतो. त्याला काय, तो नाव बघून येतो व्हय.”

जेवायला नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी, उडदाची डाळ, खुरासणीची चटणी आणि नव्या तांदळाचा भात. सुलभाने आणलेला चिवडा सोनीबाईने चाखला आणि म्हणाली, “बरा हाय. पण ह्यानं पोट कसं भरतं?” आमच्याकडे फराळ पोट भरायला नसतो, पाहुण्याला बसवून ठेवायला असतो, हे तिला समजावून सांगणं अवघड होतं. मी चार भाकऱ्या खाल्ल्या. चौथी नको नको म्हणत खाल्ली. नाशिकचा माणूस नाही म्हणायला लागला की यजमानाने वाढायचं असतं, हे त्या घरात कोणीतरी आधीच सांगून ठेवलेलं दिसलं.

वाघबारस

आपल्याकडे त्याच दिवशी वसुबारस असते. आपण गाय-वासराची पूजा करतो. या डोंगरात गाय-वासरू ज्याच्यापासून वाचवायचं त्याची पूजा करतात. विचार केला तर ही पद्धत जास्त व्यवहारी आहे. गाय तशीही आपल्याच बाजूची.

दुपार कलल्यावर सगळा पाडा शिवाराच्या कडेला जमला. तिथे झाडाखाली वाघदेव आहे. लाकडाची उभी फळी, तिच्यावर कोरलेला वाघ, वर चंद्र आणि सूर्य, सगळ्यावर शेंदूर. गुराख्यांनी घरोघर मागून आणलेला तांदूळ शिजत होता. पूजा सांगायला लहानू भगत होता. वाळलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखा म्हातारा, आवाज मात्र ढोलासारखा.

पूजा झाली की एकाला वाघ करायचं. तोंडाला हळद, तिच्यावर कोळशाचे पट्टे, पाठीवर घोंगडी, मागे दोरीचं शेपूट. मग भगत त्या वाघाला सगळ्यांसमोर विचारतो, आमच्या शिवारात येशील का? वाघ म्हणतो, नाही. मग आरडाओरडा करत त्याला डोंगराच्या दिशेने पळवून लावायचं. झालं. वर्षभराची बोलणी पक्की.

अडचण अशी होती की दरवर्षीचा वाघ द्राक्षाच्या छाटणीला पिंपळगावला गेला होता आणि मुकादमाने त्याला सोडलं नव्हतं. दुसरे जवान गडीही कामाला बाहेर. राहिलेल्यांत कोणाचा गुडघा दुखत होता, कोणी पूर्वी एकदा वाघ होऊन पळताना ओढ्यात पडला होता.

“सर होतील,” काशिनाथ म्हणाला.

मी नको नको म्हटलं. त्याचा इथे काय अर्थ घेतात ते मी वर सांगितलंच आहे. सोनीबाईने स्वतः माझ्या तोंडाला हळद फासली. सुलभा मोबाइलवर फोटो काढत होती.

“सर, एकच ध्यानात ठेवा,” काशिनाथने कानात सांगितलं. “काय बी इचारलं, नाय म्हणायचं. तेवढंच काम.”

मी मनात घोकलं. नाही, नाही, नाही. एकाच शब्दाचा संवाद आणि तोही विसरण्यासारखा नाही.

लहानू भगत माझ्यासमोर आला. मला वाटलं होतं हा ओरडेल, काठी आपटेल. त्याने दोन्ही हात जोडले, मान खाली घातली आणि अगदी घरच्या माणसाला विचारावं तशा आवाजात म्हणाला, “वाघदेवा, आमच्या शिवारात येशील का?”

त्याच्या मागे सोनीबाई कालवडीचा दोर धरून उभी होती. जिच्या हातची चौथी भाकरी अजून पोटात होती ती बाई. आणि हात जोडून कोणी विचारतंय, येशील का. आमच्याकडे निघणाऱ्या पाहुण्याला हे दारात विचारतात, आणि त्याचं उत्तर आमच्या सात पिढ्यांनी एकच दिलेलं आहे.

“हो, येणार की,” मी म्हणालो. “नक्की.”

‘नक्की’ची गरज नव्हती. ते मी मनापासून म्हणालो.

ढोल थांबला. पळवून लावायला सज्ज झालेले लोक होते तिथेच उभे राहिले. कोणी हसलं असतं तर बरं झालं असतं. लहानू भगताने जोडलेले हात सोडले नाहीत, नुसताच माझ्याकडे बघत राहिला, जणू वाघ शुद्धीवर येईल. मी घाईघाईने “नाही, नाही, नाही” असं तीनदा म्हटलं, पण त्यांची आपापसातली कुजबुज सुरू झाली होती. ती त्यांच्या बोलीत होती. मला अर्धी कळली आणि तेवढी पुरली.

“अहो,” सुलभा म्हणाली, “काय केलंत?”

सोनीबाई वळली. कालवड घेऊन घराकडे गेली. रात्री जेवायला वाढलं तेव्हा भाकरी एकच होती आणि आग्रह नव्हता.

आमचा बिछाना गोठ्याला लागून असलेल्या खोलीत होता. त्या रात्रीबद्दल एवढंच सांगतो की कुडाच्या भिंतीपलीकडे कालवड श्वास घेत होती आणि मी तो मोजत होतो. एक श्वास उशिरा आला की माझा थांबायचा. मांजर, विहीर, रेनकोट यांत ही गोष्ट कधी नव्हती. तेव्हा मला माझं काही होईल असं वाटायचं. आता माझ्या तोंडून गेलेल्या एका शब्दाचं ओझं त्या टिळ्याच्या कालवडीवर होतं, आणि ती बिचारी झोपली होती. भीती शोधायला इतका हिंडलो, तर ती सापडल्यावर बरं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही.

दुसरा दिवस

सकाळी गाईने नेहमीपेक्षा कमी दूध दिलं. सोनीबाईने अर्धाच भरलेला तांब्या माझ्यासमोर ठेवला आणि उचलून नेला.

अंगणात लहानू भगत आला होता. आम्हाला बोरगावला सोडायला जीप तयार होती, पण काशिनाथ चावी खिशात ठेवून उभा होता.

“पूजा परत मांडा की,” मी म्हटलं. “मी नीट नाही म्हणतो.”

“बारस वरसातून एकदा,” भगत म्हणाला. “पुन्हा मांडायला ती काय ग्रामसभा हाय?”

“मग काय करायचं?”

“वाघ तुम्ही झाला. सबुद तुमचा. तुम्हीच फिरवायचा. जा, त्याच्याशी बोला.”

“मास्तरीणबाईंचे मालक बोलतात बरं का,” सोनीबाई आतून म्हणाली. “बोलूनच तर हे झालं.”

सगळे पुन्हा वाघदेवापाशी गेलो. कालवडही आली, सोनीबाईने ती नजरेआड करायला नकार दिला. मी चप्पल काढून फळीसमोर उभा राहिलो आणि सुरू केलं. “हे वनराजा, काल सायंकाळी अनवधानाने माझ्याकडून जे आश्वासन दिलं गेलं, त्याबद्दल मी दिलगिरी व्यक्त करतो.”

“हे कोणाशी बोलतात?” सोनीबाईने सुलभाला विचारलं. “वाघाशी का तहसीलदाराशी?”

“थोडं थांबा,” सुलभा म्हणाली. “सुरुवात यांची नेहमी वाईटच असते.”

मी थांबलो. दिलगिरीच्या पुढे मला काही सुचेना. मागे सगळा पाडा उभा होता. कोणी खोकत नव्हतं, कोणी मोबाइल बघत नव्हतं. आयुष्यात एवढे मन लावून ऐकणारे लोक मला मिळाले नव्हते आणि मला सांगायला काही नव्हतं. काहीतरी म्हणायलाच हवं म्हणून मी बोलत सुटलो. रात्री जे पडल्या पडल्या डोक्यात चाललं होतं तेच बाहेर आलं.

मी म्हटलं, एक वाघ होता. त्याला कोणीतरी हात जोडून विचारलं, येशील का, आणि भिडेपोटी तो हो म्हणाला. त्याला यायचं नव्हतं. भूक नव्हती. पण शब्द गेला होता. पहिल्या रात्री तो आपल्या गुहेत पडून राहिला आणि पहाटे बघतो तर गुहा ओढ्याच्या अलीकडे. दुसऱ्या रात्री त्याने झाडाला मिठी मारली. पहाटे झाड तिथेच आणि वाघ भाताच्या बांधावर. तो पाय रोवायचा, पाय चालायचे. त्याला पाड्यातले दिवे दिसायला लागले. माणसांना तो दिसत नव्हता, पण कुत्र्यांना वास येत होता. गुरं रात्री उगाच उठून उभी राहायची. आणि वाघ अंधारात रडत होता, कारण त्यालाच स्वतःच्या येण्याची भीती वाटत होती...

इथे मी वळून बघितलं. लहानू भगताचं तोंड उघडं होतं. काशिनाथ माझ्यापासून दोन पावलं मागे सरकला होता. सोनीबाईने कालवडीच्या गळ्यात हात टाकून तिला पोटाशी धरलं होतं. कित्येक वर्षांनी माझ्या गोष्टीला माणसं घाबरली होती. माझ्या बाबतीत नेहमी होतं तसं झालं. काम जमलं ते नेमकं जिथे जमायला नको होतं तिथे. शब्द मागे घ्यायला आलो होतो आणि वाघ बांधापर्यंत आणून ठेवला.

“पुढं?” सोनीबाई म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. “आला का तो?”

माझ्या प्रत्येक गोष्टीत तो येतो. जो कोणी असेल तो शेवटच्या ओळीत येतोच, त्याशिवाय गोष्ट संपवायची कशी हे मला माहीत नाही. इथे मात्र तो येऊन चालणार नव्हता. मी कालवडीकडे बघितलं. ती माझ्या लोंबणाऱ्या मफलरकडे बघत होती.

“तो कुंपणापाशी आला,” मी म्हणालो. हळूहळू, कारण पुढचं वाक्य अजून तयार नव्हतं. “घरातून एका बाईनं विचारलं, कोण आहे? तो म्हणाला, मी. येतो म्हणालो होतो ना. ती म्हणाली, मग ये, जेवायचं झालंय.”

“अगं आई,” कोणीतरी म्हणालं.

“वाघ दारात उभा राहिला. आत बघितलं. आणि म्हणाला, नको वहिनी, आत्ताच जेवून आलो. दारापर्यंत आलो, शब्द पाळला. आता निघतो.”

वाघदेवाच्या फळीवर एक मुंगळा चढत होता, सगळे त्याच्याकडे बघत होते. मग लहानू भगताने विचारलं, “तिनं आग्रह नाय केला?”

“नाही. ती तुमच्याकडची होती. नको म्हटलं की नको.”

“काल मला नाय कळलं ते,” सोनीबाई म्हणाली. “चार खायला घातल्या तुम्हाला.” पण तिने कालवडीच्या गळ्यातला हात काढला होता. भगताने फळीला शेंदराचं बोट लावलं, उरलेलं माझ्या कपाळाला पुसलं आणि काशिनाथने खिशातून चावी काढली.

परत नाशिक

घरी आल्यावर ती गोष्ट मी एका बैठकीत लिहिली. पूर्वी लिहिताना दाराकडे पाठ करून बसायचो म्हणजे भीती वाटायची. आता तशी गरज पडली नाही. डोळे मिटले की कुडाच्या पलीकडचा श्वास ऐकू यायचा, आणि हात थांबला की तो श्वासही थांबेल असं वाटून मी पुढचं वाक्य लिहायचो. सुलभाने वाचली, म्हणाली, “ही पाठवा,” आणि भाजी चिरायला गेली.

संपादकबाईंचा फोन लगेच आला. “रात्री दिवा लावून झोपले,” त्या म्हणाल्या. “पानं तुमची. फक्त शेवट बदला.”

“का?”

“वाघ परत जातो. वाचकांनी एवढं घाबरायचं आणि शेवटी तो जेवून आलोय म्हणतो? हे चालत नाही. वाघ आत गेला पाहिजे.”

त्यांचं बरोबर होतं. इतकी वर्षं मीही हेच करत आलो. मी म्हटलं, उद्या बदलून पाठवतो. एक ओळ तर बदलायची होती. त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन बसलो आणि लिहिलं, वाघाने उंबऱ्याच्या आत पाय ठेवला. ओळ चांगली होती. मग उगाच काशिनाथला फोन लावला.

“कालवड कशी आहे?”

“बरी हाय सर. खाते, उड्या मारते.” मागून सोनीबाईचा आवाज आला, कोणाचा फोन, म्हणून. तिने फोन हातातून घेतला.

“काय झालं?” ती म्हणाली.

“काही नाही. सहज.”

“सहज कोण इचारतं सकाळच्या पारी. कोणाला काय कबूल केलं का पुन्हा?”

मी समोरच्या ओळीकडे बघितलं.

“केलं होतं,” मी म्हणालो. “फिरवतो.”

“लगेच फिरवा,” सोनीबाई म्हणाली, आणि फोन ठेवायच्या आधी तिने तो गोठ्यात नेला. कालवड चारा चावत होती. मी ते ऐकत ओळ खोडली, वाघाला दारातून परत पाठवलं आणि संपादकबाईंना कळवलं की पानं दुसऱ्या कोणाला द्यावीत.